लॅपटॉप घेऊन सफर: ठाकूरद्वारपासून दुबईपर्यंत कोणती काळजी घ्याल?

सकाळी आठ-साडेआठला ठाकूरद्वारच्या नाक्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. चर्नी रोड स्टेशनकडे निघालेल्या माणसांच्या पाठीवर बहुतेक एकच वस्तू दिसेल, लॅपटॉपची बॅग. त्यात ऑफिसला जाणारा नोकरदार असतो, इंजिनीअरिंगला किंवा सीएला असलेली मुलगी असते आणि काळबादेवीच्या दुकानाचा हिशोब घरी करणारा व्यापारीही असतो. आता तर हाकेच्या अंतरावर भुयारी मेट्रोची गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशनंही झाली. सफर सोपी झाली आणि पाठीवरची बॅग रोजचीच झाली.

रोजची झाली म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. घरातलं सोनं लोकलमधून न्यायचं असेल तर अम्मी दहा वेळा बजावते. पण ५० हजारांचा लॅपटॉप आपण रॅकवर टाकून मोबाईलमध्ये डोकं घालतो. शिवाय ५० हजार ही फक्त यंत्राची किंमत. आत मुलीचा वर्षभराचा प्रोजेक्ट असतो, अब्बांचे आयकराचे कागद असतात, निकाहचे फोटो असतात, बँकेचे पासवर्ड असतात. यंत्र पुन्हा हप्त्यावर घेता येतं. आतलं मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही.

आणि लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर तो आपला नाहीच. ती अमानत आहे. ती सांभाळायची जबाबदारी काय असते हे आपल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही.

निघण्याआधी घरी करायची पाच कामं

लॅपटॉप चोरीला गेल्यावर पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो नंबराचा. लॅपटॉपच्या तळाशी किंवा खोक्यावर त्याचा सिरीयल नंबर छापलेला असतो. आजच त्याचा फोटो काढा. बिलाचाही फोटो काढा आणि दोन्ही घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा. बरेच जण हे फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवतात. मग लॅपटॉपबरोबर तेही जातात.

दुसरं काम बॅकअपचं. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत क्लाउडवर असू द्या. हार्ड डिस्क घरी कपाटात ठेवायची, लॅपटॉपच्याच बॅगेत नाही. बॅग गेली तर दोन्ही एकदम जातील.

तिसरं काम कुलपाचं. नुसता पासवर्ड पुरत नाही. जाणकार माणूस आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि सगळं वाचतो. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे आतली माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे का बघा. मात्र चालू करताना जी रिकव्हरी की मिळते ती कागदावर लिहून घरी ठेवा. ती हरवली तर चोराबरोबर मालकालाही दार बंद.

चौथं काम, फाइंड माय डिव्हाइस किंवा मॅकवर फाइंड माय चालू करणं. विंडोजमधली सोय लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच ठिकाण दाखवते, म्हणून तिच्यावर फार भिस्त नको. पण चालू करायला एक मिनिट लागतं आणि दूरवरून लॅपटॉप लॉक करता येतो.

पाचवं काम अगदी साधं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात एका चिठ्ठीवर नाव आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल नंबर लिहून ठेवा. पत्ता नको. बॅग सापडली तर प्रामाणिक माणसाला फोन करता आला पाहिजे. ही चिठ्ठी किती कामाची आहे ते पुढे कळेल.

लोकलमध्ये

मुंबईच्या लोकलमध्ये लॅपटॉपला तीन धोके आहेत: दाबला जाणं, चोरीला जाणं आणि विसरला जाणं.

गर्दीत बॅग पाठीवर ठेवली तर मागच्या चार माणसांचा भार थेट स्क्रीनवर येतो. पडद्याची काच बारीक असते. चार्जर, टिफिन किंवा पाण्याची बाटली त्याच कप्प्यात असेल तर दाब एकाच जागी पडतो आणि काच तडकते. लॅपटॉप त्याच्या मऊ स्लीव्हमध्ये, एकटा, पाठीकडच्या कप्प्यात ठेवायचा. चार्जर पुढच्या कप्प्यात, बाटली बाहेरच्या जाळीत. कीबोर्डवर पेन किंवा पेनड्राइव्ह राहिला आणि झाकण मिटलं तरीही पडदा जातो. मिटण्याआधी एक नजर टाका. गाडीत चढताना बॅग पुढे छातीशी घ्या. त्याने यंत्रही वाचतं आणि मागच्या माणसालाही उभं राहता येतं.

चोराला सोयीची बॅग म्हणजे रॅकवरची. आपण एका बाजूला उभे, बॅग दुसऱ्या बाजूला आणि मध्ये वीस माणसं. रॅकवर ठेवावीच लागली तर आपल्या समोरच्या रॅकवर ठेवा, डोक्यावरच्या नको. डोक्यावरची दिसत नाही, समोरची दिसते. बसायला जागा मिळाली तर बॅग मांडीवर घ्या किंवा तिचा पट्टा पायात अडकवा. दारात उभं राहून लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर लटकवणं तर नकोच.

विसरणं मात्र चोरीपेक्षा सोपं आहे. दिवसभराच्या थकव्यानंतर चर्नी रोड आलं की माणूस उठतो आणि उतरतो, बॅग रॅकवरून पुढे निघून जाते. यावर एक जुनी युक्ती आहे. मोबाईलमध्ये स्टेशनच्या दोन मिनिटं आधीचा अलार्म लावा किंवा छत्री आणि टिफिनही त्याच बॅगेत ठेवा. वस्तू जितक्या कमी, तितकं विसरणं कमी.

प्लॅटफॉर्मवर बॅग ठेवून चहा आणायला जाऊ नका. ११ जुलै २००६ च्या पश्चिम रेल्वेवरच्या बॉम्बस्फोटांनंतर बेवारस बॅग दिसली की रेल्वे पोलिसांना ती संशयास्पद म्हणूनच हाताळावी लागते. आपली बॅग, आपलाच निष्काळजीपणा, आणि मग पोलीस चौकीत तासभर उत्तरं देत बसायचं. हे टाळलेलं बरं. तपासणीसाठी कुणी बॅग उघडायला सांगितलं तर शांतपणे उघडून दाखवा. स्टेशनवरच्या किंवा मेट्रोच्या क्ष-किरण यंत्राने लॅपटॉपला काहीही होत नाही.

नमाजच्या वेळी

प्रवासात जोहर किंवा असरची वेळ झाली की आपण वाटेतल्या मशिदीत जातो. वजूखान्याबाहेर खुंटीला अडकवलेली बॅग ही चोरांच्या नजरेत पहिली येते, कारण मालकाचे दोन्ही हात आणि लक्ष गुंतलेलं असतं. सोबत कुणी असेल तर पाळीपाळीने वजू करा. नमाजला बॅग मागच्या भिंतीला टेकवून न ठेवता आपल्या सजद्याच्या जागेच्या पुढे, पण पुढच्या सफेतल्या माणसाच्या पायात येणार नाही अशी ठेवा. जुम्माच्या गर्दीत तर लॅपटॉप ऑफिसात किंवा ओळखीच्या दुकानात ठेवून गेलेलं उत्तम.

मशिदीत कोण चोरी करणार, असं आपल्याला वाटतं. पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नाही. आधी दोरी बांधायची आणि मग भरवसा ठेवायचा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर मुंबईत बॅग भिजणार हे गृहीत धरा. "वॉटरप्रूफ" लिहिलेल्या बऱ्याच बॅगा चेनच्या जागी गळतात. बॅगेवर रेनकव्हर घाला आणि आत लॅपटॉप एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रेनकव्हर उडालं तरी पिशवी वाचवते.

पाणी आत गेलंच तर लगेच बंद करा, चार्जर काढा आणि चालतोय का ते बघायला पुन्हा सुरू करू नका. यंत्र बहुधा मरतं ते या घाईनेच. उघडून उलटा, तंबूसारखा ठेवा म्हणजे पाणी कीबोर्डमधून बाहेर येईल. तांदळाच्या डब्यात ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याला लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका जवळ आहे, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. दुरुस्तीला देताना पावती घ्या आणि पासवर्ड कागदावर चिकटवून देऊ नका.

आणखी एक. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही, तो झोपलेला असतो. बंद बॅगेत तो मध्येच जागा झाला तर तापत राहतो आणि बॅटरी खराब होते. लांबच्या सफरीला निघताना पूर्ण शटडाउन करा.

गावाला जाताना

सुट्टीत रत्नागिरी, चिपळूण, महाडकडे जाणारी आपली कुटुंबं कोकणकन्या किंवा मांडवी पकडतात. रात्रीच्या गाडीत लॅपटॉपची जागा सीटखाली नाही, डोक्याखाली आहे. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून झोपा. मोठ्या बॅगेला सीटखालच्या कडीला साखळी लावता येते, पण लॅपटॉप त्या बॅगेत ठेवू नका.

रात्री चार्जिंगला लावून झोपणं दोन कारणांनी चूक आहे. एक तर चोराला आमंत्रण. दुसरं म्हणजे आगीचा धोका. याच कारणासाठी पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणून निघतानाच बॅटरी भरून घ्या.

एक कायद्याची गोष्ट इथेच समजून घ्या. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार, प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेलं सामान हरवलं तर रेल्वेच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदार नसते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हेच म्हटलं की प्रवासी स्वतःची वस्तू सांभाळू शकला नाही, तर चोरीसाठी रेल्वेच्या सेवेत त्रुटी होती असं म्हणता येत नाही. थोडक्यात, भरपाईच्या आशेवर राहू नका.

विमानाने जाताना

मुलाची दुबईला नोकरी, मुलीचं शिक्षण, मामूंचं रियाधचं येणं-जाणं. विमान आपल्या घरांना नवं नाही. पण बॅटरीचे नियम अजून बऱ्याच जणांना नीट माहीत नसतात.

लॅपटॉपमध्ये लिथियम बॅटरी असते. ती तापून पेटली तर केबिनमध्ये कर्मचारी विझवू शकतात, सामानाच्या पोटात कुणी नसतं. म्हणून सुटी बॅटरी आणि पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. पॉवरबँकवर मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० ची पॉवरबँक ७४ वॅट-तासांची निघते, म्हणजे चालेल. ३०,००० ची १११ निघते, म्हणजे परवानगी लागेल. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकाच पॉवरबँकला मुभा ठेवली आहे आणि विमानात ती वापरण्यावर बंदी घातली आहे. प्रत्येक कंपनीचा नियम तिकिटाबरोबर वाचून घ्या.

लॅपटॉप नेहमी हातातल्या बॅगेत. विमान भरलेलं असेल तर गेटवर कर्मचारी तीच बॅग खाली सामानात टाकायला घेतात. अशा वेळी लॅपटॉप आणि पॉवरबँक आधी बाहेर काढून हातात घ्या, गडबडीत बहुतेकांची चूक इथेच होते.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. आपली अंगझडती होईपर्यंत ट्रे पुढे जाऊन पडतो आणि सगळे लॅपटॉप काळे किंवा चंदेरी. झाकणावर एक ठळक रंगीत स्टिकर लावा. लॅपटॉपचा ट्रे सगळ्यात शेवटी यंत्रात सोडा. कुटुंब सोबत असेल तर एकाने आधी पलीकडे जाऊन सामानावर लक्ष ठेवा. तिथे काही राहिलंच तर विमानतळावर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफकडे विचारा. सापडलेल्या वस्तूंची ते नोंद ठेवतात.

अत्तराची बाटली, लोणच्याची बरणी आणि लॅपटॉप एका बॅगेत कधीही नाही. अत्तर सांडलं तर वास छान येतो, पण कीबोर्ड जातो.

वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला परदेशातून भारतात येताना एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. भाचा-पुतण्यांसाठी दोन-तीन आणायचे असतील तर बिलं जवळ ठेवा आणि रेड चॅनलवर जाऊन जाहीर करा. लपवून आणलेला माल पकडला गेला तर ड्युटीपेक्षा दंड जड जातो. उमराहला जाताना मात्र लॅपटॉप घरीच राहू द्या, फोनवर भागतं.

एक आठवण सांगण्यासारखी आहे. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत, जेद्दा, रियाध अशा १० विमानतळांवरून येणाऱ्या थेट विमानांच्या केबिनमध्ये लॅपटॉप न्यायला अचानक बंदी घातली. आखाती मार्गे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांना लॅपटॉप सामानात टाकावे लागले. जुलैपर्यंत ती बंदी उठली. पण धडा राहिला: नियम रातोरात बदलू शकतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि बॅकअप घरी असला, की लॅपटॉप हातातून सोडावा लागला तरी जीव खाली-वर होत नाही.

फुकटचं वाय-फाय

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं आणि नंतर ते देशभर पसरलं. बातम्या वाचायला ते चांगलं आहे. बँकेच्या कामाला मात्र मोबाईलचा हॉटस्पॉट वापरा. विमानतळावर किंवा कॅफेत सारख्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणीही उभं करू शकतं. पडद्याकडे शेजारचा बघतोय का याचंही भान ठेवा. गर्दीत पासवर्ड टाकू नका. टेबलावर लॅपटॉप उघडा टाकून टॉयलेटला जाताना शेजाऱ्याला "जरा बघा" म्हणणं तर अजिबात नको.

हरवला किंवा चोरीला गेला तर

पहिला अर्धा तास महत्त्वाचा. रडण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: गाडी कोणती, किती वाजताची, डबा कोणता, रॅकची बाजू कोणती.

गाडीत राहिला असेल तर लगेच १३९ वर फोन करा किंवा जवळच्या स्टेशन मास्तरांना, आरपीएफला गाठा. ते पुढच्या स्टेशनला कळवू शकतात. आरपीएफची एक मोहीमच आहे आणि तिचं नाव आपल्याला जवळचं वाटेल: "अमानत". सापडलेल्या सामानाची माहिती आणि फोटो पश्चिम रेल्वेच्या वेबसाईटवर मिशन अमानत या नावाखाली टाकले जातात. मालकाने ओळख पटवून ते घेऊन जायचं. २०२१ या एका वर्षात पश्चिम रेल्वेच्या आरपीएफने १,३१७ प्रवाशांचं २ कोटी ५८ लाख रुपयांचं सामान परत मिळवलं. म्हणजे आशा सोडायचं कारण नाही. सिरीयल नंबरचा फोटो, बिल आणि बॅगेतली चिठ्ठी इथे कामाला येते.

चोरी असेल तर तक्रार पोलिसांकडे. रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस, त्यांची हेल्पलाइन १५१२. लांबच्या गाडीत असाल तर प्रवास मोडायची गरज नाही, टीसी किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो. रस्त्यावर किंवा टॅक्सीत चोरी झाली तर शहर पोलीस. आपल्या भागात व्ही. पी. रोड आणि एल. टी. मार्ग पोलीस ठाणी आहेत. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

इथे एक फरक लक्षात ठेवा. "हरवल्याची नोंद" आणि "चोरीचा एफआयआर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरी झाली असेल तर हरवल्याच्या कागदावर समाधान मानू नका. विम्याला आणि ऑफिसला एफआयआर लागतो. तसंच, मोबाईल जसा आयएमईआय नंबरवरून सरकारी सीईआयआर यंत्रणेत ब्लॉक होतो तसा लॅपटॉप होत नाही. म्हणून सिरीयल नंबर तक्रारीत लिहून घेतला गेलाय ना, हे सही करण्याआधी वाचून बघा.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने कामाला लागावं. आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचे. मोबाईलवरून व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन लॅपटॉप लॉगआउट करा. ऑफिसचा असेल तर लगेच ऑफिसला कळवा. नोकरीच्या भीतीने दोन दिवस लपवलं तर तेवढ्या वेळात माहिती बाहेर जाते आणि दोष वाढतो. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर फोन करा.

शेवटी नाण्याची दुसरी बाजू. कुणी बिलाशिवाय, चार्जरशिवाय, अर्ध्या किमतीत लॅपटॉप देत असेल तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो कुण्या मुलीचा वर्षभराचा अभ्यास असू शकतो. लोकलच्या रॅकवर बेवारस बॅग दिसली तर उघडू नका, आरपीएफला कळवा. आपली बॅग परत मिळावी असं वाटत असेल तर दुसऱ्याचीही मिळायला हवी.

आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. घरातले सगळे लॅपटॉप उलटे करा, नंबरांचे फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. दहा मिनिटं लागतील. इन्शाअल्लाह ते फोटो कधी शोधायची वेळ येणार नाही.